वीस टन ओढणारा ट्रॅक्टर आणि एका टनाला घाबरणारी मोटार

दिवाळी झाली, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की कोल्हापूर जिल्ह्यात रस्त्यावर आधी गाणं ऐकू येतं आणि मग ट्रॅक्टर दिसतो. त्याच्यामागे एक ट्रॉली, तिच्यामागे दुसरी ट्रॉली आणि दोन्हींवर डोक्याच्या वर रचलेला ऊस. कसबा बावड्याला राजाराम, परित्याला भोगावती, कुडित्र्याला कुंभी-कासारी, बिद्रीला दूधगंगा-वेदगंगा. जिकडे जाल तिकडे हीच मिरवणूक. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस सहज असतो. आणि ओढणारा ट्रॅक्टर? तो स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. इंजिन पन्नास-पंचावन्न घोड्यांचं.

आता दुसरी गोष्ट. समजा, तुमच्या घरच्यांच्या डोक्यात एक भारी कल्पना आली. कॅरॅव्हॅन घ्यायची! म्हणजे चाकांवरची छोटी खोली. आत पलंग, ओटा, सिंक, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे. ती मोटारीच्या मागे जोडायची आणि सुट्टी लागली की निघायचं मालवणला. हॉटेल शोधायला नको, की ‘रूम नाहीत’ म्हणून परत फिरायला नको. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलंय. आपल्याकडच्या बहुतेक कॅरॅव्हॅनमध्ये घर आणि इंजिन एकाच गाडीत असतं. पण आपण बोलतोय ते मागं जोडायच्या, ओढायच्या कॅरॅव्हॅनबद्दल. ब्रिटनमध्ये अशा कॅरॅव्हॅन सर्रास दिसतात.

तर पहिलाच प्रश्न : ओढायला गाडी कुठली घ्यायची?

ब्रिटनमधल्या जाणत्यांचा नवशिक्यांना सल्ला असतो, की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. मोटार १,५०० किलोची असेल, तर कॅरॅव्हॅन १,२७५ किलोपेक्षा जड नको.

थांबा थांबा. शंभर घोड्यांच्या मोटारीनं आपल्या वजनाहूनही कमी ओढायचं आणि निम्म्या ताकदीच्या ट्रॅक्टरनं आपल्या वजनाच्या आठ-नऊ पट? यात कुणीतरी थापा मारतंय असं वाटतं ना? पण दोघंही खरं बोलतायत.

आधी घोडे मोजू. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण ७४६ वॅट. पन्नास घोडे म्हणजे ३७,३०० वॅट. आता इंजिनाची एक गंमत अशी, की ही शक्ती तुम्ही जोरासाठी खर्च करू शकता किंवा वेगासाठी. दोन्हीकडे एकदम पुरी मिळत नाही. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. ट्रॅक्टर सेकंदाला २ मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं निघाला, तर याच पन्नास घोड्यांतून हिशेबानं सुमारे १,९०० किलोचा जोर निघतो. तेच इंजिन सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरनं पळवलं, तर जोर उरतो फक्त १९० किलोचा. वेग दहापट केला, जोर दहावा हिस्सा झाला. गिअरबॉक्स करतो ते एवढंच. वेग घेतो आणि जोर देतो, किंवा उलटं. ट्रॅक्टर घाई करत नाही, म्हणून त्याला परवडतं.

पण नुसता जोर असून भागत नाही. तो जमिनीला लावता आला पाहिजे.

चावीची खेळण्यातली मोटार घ्या. चावी भरा, तिच्या मागे दोऱ्यानं कंपासपेटी बांधा आणि गुळगुळीत फरशीवर सोडा. चाकं गरगर फिरतील आणि गाडी जागच्या जागी राहील. स्प्रिंगमध्ये जोर आहे, पण चाकं घसरतायत. आता गाडीच्या मागच्या चाकांच्या बरोबर वर दोन-तीन नाणी चिकटपट्टीनं बसवा (बहुतेक खेळण्यांत मागचीच चाकं फिरतात; तुमच्या गाडीची कुठली फिरतात ते आधी बघून घ्या). पेटी हलायला लागेल. मग तीच गाडी सतरंजीवर सोडा, बघा काय होतं. नंतर नाणी काढून पुढच्या टोकाला लावा आणि पुन्हा सोडा. हे शेवटचं करायला विसरू नका, कारण पुढे त्याचं काम आहे.

चाकाला जमिनीवर जेवढी पकड, तेवढंच ओढणं. आणि पकड दोन गोष्टींवर ठरते. रस्ता कसा आहे आणि फिरणाऱ्या चाकावर वजन किती आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकावरच्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के जोर लावता येतो, ओल्या रस्त्यावर बराच कमी आणि चिखलात तर विचारूच नका. म्हणून ट्रॅक्टरवाले काय करतात माहीत आहे? मागच्या मोठ्या टायरमध्ये पाणी भरतात! हवेबरोबर पाणी. टायरच्या मापाप्रमाणे एकेकात दीडशे ते अडीचशे लिटर. टायर बाहेरून बघून कुणाला कळणारही नाही, पण ट्रॅक्टर तीन-चारशे किलोंनी जड झालेला असतो आणि ते सगळं वजन बरोबर फिरणाऱ्या चाकांवर येतं. तुम्ही लावलेली नाणीच ती.

ट्रॅक्टरच्या नाकासमोर लोखंडी ठोकळे लावलेले असतात, तेही कधीतरी बघितले असतील. ते शोभेचे नाहीत. ट्रॉली मागं खेचते, ट्रॅक्टर पुढं खेचतो आणि या ओढाताणीत ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायला बघतं. चढाला लागलेला भरलेला ट्रॅक्टर पुढची चाकं हवेत उचलतो, तेव्हा रस्त्याकडेची पोरं शिट्ट्या मारतात. ड्रायव्हरच्या मात्र पोटात गोळा येतो. स्टिअरिंग पुढच्या चाकांना असतं. ती हवेत असली तर गाडी वळवायची कशी? ट्रॅक्टर मागं उलटलेही आहेत. म्हणून ट्रॉलीची पिन जितकी खाली तितकी चांगली. वर जोडली, की तोंड उचलायला तरफ लांब मिळते.

आता मोटारीकडे वळू. हल्लीच्या लहान मोटारींत इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. कॅरॅव्हॅन जोडायची मागच्या बंपरखाली. समजा, तिच्या दांडीचं ७५ किलो वजन मागच्या चाकांच्या एक मीटर मागे पडलं आणि मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. हा झाला सीसॉ. मागची चाकं म्हणजे टेकू. मागं ७५ किलो दाबले, तर पुढच्या चाकांवरचे ३० किलो कमी झाले. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं, तीच हलकी झाली, पुढच्या टोकाला नाणी लावल्यावर तुमच्या खेळण्याची झाली तशी. पावसात, चढावर, गाडी हलवताना हे चांगलंच जाणवतं. मागच्या चाकांनी किंवा चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला उलट फायदा, कारण वजन येतं ते ओढणाऱ्या चाकांवरच.

मग दांडीवर वजन येऊच द्यायचं नाही, कॅरॅव्हॅनमधलं सामान मागच्या बाजूला ढकललं की झालं! असं कुणाला वाटलं असेल, तर त्यानं ज्यांनी बैलगाडी हाकली आहे अशा आजोबांना विचारावं.

“आजोबा, गाडीत मागं जास्त ऊस भरला तर काय हुतंय?”

“आरं, गाडी उलाळ हुती न्हवं का! जू वर उचलतंय, बैलांच्या गळ्याला पट्टा काचतोय. आन पुढं भरलं, तर मानंवर वझं. भरायची ती बेतानंच.”

आजोबांचा हा बेत कॅरॅव्हॅनवाल्यांनी आकड्यात मांडलाय. दांडीवर कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के वजन असावं. एक टनाच्या कॅरॅव्हॅनला ५० ते ७० किलो. ना कमी ना जास्त. (मोटारीची मागची हूक किती वजन सोसेल याचीही मर्यादा असते, ती ओलांडायची नाही.)

बैलांच्या मानेवरचा हा भार काही थोडाथोडका नसतो. सांगली जिल्ह्यात इस्लामपूर (आता ईश्वरपूर) जवळ राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये यावर एक साधी, फार सुंदर युक्ती काढली. दोन बैलांच्या मधे, जुवाखाली एक चाक. पुढचा भार मानेऐवजी त्या चाकावर. नाव ठेवलं ‘सारथी’. कॅरॅव्हॅनच्या दांडीलाही असंच एक छोटं चाक असतं. मोटार सोडवली, की ते खाली टेकवायचं आणि दांडीचा भार त्याच्यावर द्यायचा. फरक इतकाच, की मोटार निघताना ते चाक वर उचलून घेतात.

पण उलाळ झालेली बैलगाडी नुसती कुरकुरते. उलाळ झालेली कॅरॅव्हॅन जिवावर बेतू शकते. कारण ती वेगात असते.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर तुमची मोटार कॅरॅव्हॅन घेऊन ताशी ऐंशीनं चालली आहे. शेजारून मोठी बस सूंऽऽ करून जाते. हवेचा धक्का कॅरॅव्हॅनला बसतो आणि तिचं मागचं टोक जरा डावीकडे जातं. दांडीवर नीट वजन असेल, तर एक-दोन झोके खाऊन ती सरळ होते. मागं जड असेल, तर पहिल्या झोक्यापेक्षा दुसरा मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसरा. कॅरॅव्हॅन सापासारखी वळवळू लागते आणि पुढची मोटारही तिच्याबरोबर डोलू लागते. यात वेगाला फार महत्त्व आहे. एका ठरावीक वेगाच्या खाली झोके आपोआप विरतात. त्याच्या वर गेलात, की तेच झोके वाढत जातात. मोटार हलकी आणि कॅरॅव्हॅन जड असेल, तर मागचाच पुढच्याला हाकतो. ८५ टक्क्यांचा सल्ला आला तो मुख्यतः इथून. अशा वेळी ड्रायव्हरनं एकच करायचं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. घाबरून कच्चकन ब्रेक मारणं सगळ्यात वाईट.

उसाच्या ट्रॉल्याही डोलतात, पण ताशी पंधरा-वीस किलोमीटरला डोलून डोलून किती डोलणार!

आणि इथंच आपल्या कोड्याचं खरं उत्तर दडलंय. धावत्या वस्तूत साठलेली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. वेग पाचपट तर ऊर्जा पंचवीसपट. ट्रॅक्टर ताशी १६ किलोमीटरनं चाललाय, मोटार ताशी ८० नं. बरोबर पाचपट. म्हणजे ताशी ऐंशीनं धावणाऱ्या एक टनाच्या कॅरॅव्हॅनमध्ये जेवढी ऊर्जा आहे, तेवढीच ताशी सोळानं चालणाऱ्या २५ टनांत असते. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि वरचा ऊस, सगळं धरून! पडदे लावलेली ती गोंडस खोली वेगात आली, की अख्ख्या ऊसगाडीच्या तोडीची होते. आणि ती थांबवायची आहे मोटारीनं.

म्हणून कुणी ‘ही गाडी किती टन ओढंल’ असं विचारलं, की त्याला विचारावं, ‘थांबवंल किती?’

कोल्हापूरकराला तर हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण समुद्राकडे जायचं तर मधे सह्याद्री उतरायचाय. गगनबावड्यावरून करूळ घाट, राधानगरीवरून फोंडा घाट, मलकापूरवरून आंबा घाट. कुठूनही जा, घाट चुकत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. मोटार दीड टनाची, कॅरॅव्हॅन एक टनाची, मिळून अडीच टन. हे अडीच टन ५५० मीटर खाली उतरवायचे म्हणजे जी ऊर्जा मोकळी होते, तिनं चाळीस लिटर पाणी उकळायला येईल. करूळ घाटाखालच्या वैभववाडीला पोचेपर्यंत ही उष्णता कुठंतरी जायला हवी. थोडी हवा घेते, थोडी टायर घेतात. बाकीची तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर ब्रेक घेतात. घाटाच्या मध्यावर जळका वास येतो तो त्याचाच. ब्रेक फार तापले, की त्यांची पकड सुटू लागते. पाय दाबला तरी गाडी हवी तशी थांबत नाही.

यावर जुना, साधा उपाय आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि ते फिरवताना गाडीचा वेग आवरला जातो. ट्रकच्या मागे घाट उतरताना तो जो घरघर आवाज येतो, तो इंजिन ओझं रोखून धरत असल्याचा. न्यूट्रल करून उतरणारे महाभाग तेल वाचवतात म्हणे. त्यांच्याबरोबर मी तरी बसणार नाही.

कॅरॅव्हॅनला स्वतःचे ब्रेकही असतात, आणि ते लागतात कसे हे मला तिच्यातलं सगळ्यात हुशार काम वाटतं. मोटारीपासून कॅरॅव्हॅनपर्यंत ब्रेकची ना नळी, ना तार. मोटारीनं ब्रेक मारला, की ती हळू होते. कॅरॅव्हॅन मात्र आपल्या वेगानं पुढं येते आणि दांडीला ढुशी देते. दांडीच्या टोकाचा भाग त्या दाबानं आत सरकतो, त्याला जोडलेला गज हलतो आणि तो कॅरॅव्हॅनच्या चाकांचे ब्रेक लावतो. जितक्या जोरात ढकलशील, तितक्या जोरात स्वतःच थांबशील! ढकलणाऱ्याला त्याच्याच ढकलण्यानं आवरायचं. पूर्वी यात एक अडचण होती. मोटार मागे घेतानाही दांडी दाबली जाते, मग ब्रेक लागायचे आणि कॅरॅव्हॅन हटून बसायची. उतरून एक खटका पाडावा लागायचा. आता रिव्हर्समध्ये ब्रेक आपोआप सैल पडतील अशी सोय असते. शिवाय एक बारीक तार मोटारीला अडकवलेली असते. चुकून कॅरॅव्हॅन सुटलीच, तर ती तार ताणली जाते, ब्रेक ओढते आणि मग तुटते.

आपल्या उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. म्हणून उतारावर ऊसगाडीच्या पुढे सायकल घालू नका आणि मागे लोंबकळून ऊस ओढू नका. माहितीये मला, सगळेच ओढतात. तरी नका ओढू. दुसऱ्या ट्रॉलीमागचं ड्रायव्हरला काहीच दिसत नाही.

हौसेनं घर ओढत फिरायची कल्पना पहिल्यांदा गाजवली ती एका मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या माणसानं. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स. आधी ब्रिटिश आरमारात डॉक्टर, नंतर साहसकथांचे लेखक. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची चाकांवरची खोली बांधून घेतली आणि इंग्लंडहून निघून पार स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसपर्यंत गेले. ओढायला दोन घोडे. खरे घोडे! खोली जवळपास दोन टनांची. पुढे तीनचाकी सायकलवर त्यांचा नोकर, समोरून येणाऱ्यांना सावध करायला. दोन टनांना दोन अश्वशक्ती. बघा, वेगाची हाव नसली की किती थोडक्यात भागतं.

आपल्याकडे मात्र घर घेऊन निघणारे हौसेनं निघत नाहीत. ऊसतोडणीसाठी बीड, अहिल्यानगरकडून कुटुंबंच्या कुटुंबं दर वर्षी कोल्हापूरकडे येतात. याच ट्रॉल्यांतून. अंथरुणं, भांडी, चूल, कोंबड्या, शेळ्या, म्हातारी माणसं, तान्ही बाळं, सगळं एका ट्रॉलीत. कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि पुढचे चार-पाच महिने तेच गाव. तुमच्याएवढी मुलं असतात त्यात. काहींसाठी साखरशाळा असतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला शाळा येतेच असं नाही. कॅरॅव्हॅनचा एक कडक नियम आहे. चालू असताना आत कुणी बसायचं नाही, कारण आतल्या माणसाला ना पट्टा, ना आधार. ट्रॉलीत सामानावर बसून दोन-तीनशे किलोमीटर येणाऱ्या पोरांना हा नियम कोण लावणार?

असो. गाडी निवडायची राहिलीच की.

मी निवडली तर कशी निवडीन, ते सांगतो. पहिल्यांदा गाडी बघणारच नाही. कॅरॅव्हॅन बघीन आणि तिचं भरलेलं वजन काढीन. रिकामं नव्हे, भरलेलं. कंपनी सांगते ते रिकामं वजन, आणि मग आपण त्यात काय काय कोंबतो! पाण्याची टाकी १०० लिटरची भरली की १०० किलो वाढले. घरातला गॅस सिलिंडर घेतला, तर आतला गॅस १४.२ किलो आणि टाकी साधारण तेवढीच, म्हणजे ३० किलो झाले. गाद्या, कुकर, तांदूळ, क्रिकेटचं किट आणि आत्यासाठी गुळाची ढेप. ऊस कारखान्यात जातो तसं सगळं भरून वजनकाट्यावर जायचं आणि चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठी खोटं बोलत नाही.

मग गाडीचं माहितीपुस्तक उघडायचं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं आणि बहुतेकांनी उघडलेलं नसतं. ही गाडी किती ओढू शकते, याचा आकडा त्यात असला तर तो शेवटचा शब्द. नसला, किंवा ‘काही ओढू नये’ असं लिहिलं असलं, तर विषय संपला. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कितीही हुशार मिस्त्रीनं मजबूत हूक वेल्डिंग करून दिली तरी. बंद पडलेल्या गाडीला टोचन लावून गॅरेजपर्यंत आणणं वेगळं आणि घर घेऊन घाट उतरणं वेगळं. हूक मिस्त्री मोठी करील, गाडीचे ब्रेक कोण मोठे करणार? आणि हो, मागं जोडलेल्या गाडीलाही आपली वेगळी नोंदणी लागते, ट्रॉलीला असते तशी. दोघींच्या पाट्यांवर एमएच ०९ असेल, पण पुढचे आकडे वेगळे.

पाऊण टनाची ऑल्टो इथं बादच होते, गाडी कितीही गुणी असली तरी. ती पुढच्या चाकांनी ओढते आणि तिच्या ८५ टक्क्यांत साधी कॅरॅव्हॅनही बसायची नाही. बोलेरोसारखी गाडी मला जास्त पटते. दीड टनाच्या वर वजन, मजबूत चेसिसवर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांनी ओढणं आणि डिझेल इंजिन. घोडे जास्त नाहीत, पंचाहत्तरच्या आसपास, पण डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच चांगला जोर देतं. उभ्या गाडीला एक टन मागं घेऊन हलवायचं असतं, तेव्हा हाच जोर कामाला येतो, नाहीतर क्लच जळतो. तीन दरवाज्यांची थार दिसायला रुबाबदार, चारही चाकांनी ओढणारीही मिळते. पण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,४५० मिलिमीटर, बोलेरोचं २,६८०. मागून हिसका बसला, की लांब गाडी कमी फिरते. शिवाय मागच्या चाकांपासून हूक जितकी जवळ तितकी बरी. मघाचा सीसॉ आठवा. इलेक्ट्रिक गाडीला सुरुवातीचा जोर भरपूर असतो, पण मागं एक उंच पेटी वारा कापत येऊ लागली, की एका चार्जिंगमध्ये जाण्याचं अंतर खूपच घटतं.

आणि कॅरॅव्हॅन पहिली आहे, तर एक टनाच्या आतलीच. चढाचा हिशेब करून बघा. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता धरला, तर अडीच टनांना नुसतं वर चढवायला सतत १२५ किलोचा जोर लागतो. तुमच्या वर्गातली चार मुलं उचलून धरल्यासारखा, घाट संपेपर्यंत. एक टन वाढवलं, की आणखी ५० किलो.

एवढं सगळं जमलं, मालवणला पोचलात, आणि जागा अशी मिळाली की कॅरॅव्हॅन मागे घेऊन लावायची आहे. इथं भल्याभल्यांना घाम फुटतो. कॅरॅव्हॅन डावीकडे वळवायची, तर आधी स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. मोटारीचं ढुंगण उजवीकडे गेलं, की दांडी ढकलली जाते आणि कॅरॅव्हॅनचं मागचं टोक डावीकडे जातं. एवढ्यावर थांबत नाही. पुढे ओढताना ती आपोआप सरळ होते, मागे ढकलताना आपोआप वाकडी होते. जरा कोन झाला, की तो वाढतच जातो, तळहातावर उभी धरलेली पट्टी कलते तसा. म्हणून स्टिअरिंग इकडे तिकडे करत तिला सतत सावरत राहायचं, अगदी हळू. मोठी पट्टी तळहातावर सावरायला सोपी जाते ना, तशी लांब ट्रॉली मागे घ्यायला सोपी आणि आखूड अवघड.

एक ट्रॉली मागे घेणं सरावानं जमतं. दोन ट्रॉल्या असतील तर पहिली वाकडी होते, ती दुसरीला तिसऱ्याच दिशेला वाकडी करते आणि ड्रायव्हर कुठलं चाक कुठं फिरवू म्हणून बघत बसतो. म्हणून शहाणे ड्रायव्हर आधी मागची ट्रॉली सोडवतात. पटत नसेल, तर आगपेटीच्या दोन रिकाम्या खोक्यांना चाकं लावा, टाचण्यांनी एकामागे एक जोडा आणि बोटानं मागे ढकलत कंपासपेटीच्या गॅरेजमध्ये घालून दाखवा.